एवढं मोठं थडगं जंगलात हरवतंच कसं? (बुकित ब्राउन, सिंगापूर)

सोनटक्का

आमच्या मजल्यावर एक चिनी आंटी राहतात, वय ऐंशीच्या पुढे. एप्रिलच्या सुरुवातीला त्यांचा चिंगमिंग असतो, तेव्हा पूर्वजांच्या थडग्यावर जाऊन गवत काढायचं, झाडलोट करायची, फळं, चहा, शिजवलेलं अन्न ठेवायचं, उदबत्त्या लावायच्या आणि कागदी नोटा जाळायच्या असा सगळा कार्यक्रम. मुलगा परदेशी, गुडघे कुरकुरतायत, म्हणून यंदा पिशव्या उचलायला मी सोबत गेले. बुकित ब्राउन नाव ऐकून होते, गाडीतून लोर्नी हायवेने जाताना दोन्ही बाजूंची गच्च झाडीही रोजच बघत होते, पण त्या झाडीत सुमारे एक लाख माणसं पुरलेली आहेत हे आत पाऊल टाकल्यावरच जाणवलं.

आंटींच्या घरचं थडगं लहानसं आहे, त्याबद्दल नंतर लिहीन. आधी मला ओंग साम लिओंग यांच्या थडग्याबद्दल विचारायचंय. टेकडीवर पार वरच्या बाजूला आहे ते, अख्ख्या बुकित ब्राउनमधलं सर्वात मोठं, जवळपास ६०० चौरस मीटर. इथले तीन खोल्यांचे दहा एचडीबी (सरकारी गृहनिर्माणाचे) फ्लॅट सहज मावतील एवढं अंगण समजा. गृहस्थ १९१८ साली गेले, त्यांच्या पत्नी योंग च्वी निओ १९३५ साली, दोघं शेजारी शेजारी आहेत. पुढे फरसबंदी, दगडी सिंह, आणि दगडात कोरलेल्या चोवीस गोष्टी, सगळ्या आईबापांची सेवा करणाऱ्या मुलांच्या. कोणी आईला मासा हवा म्हणून बर्फावर उघडा झोपून बर्फ वितळवतोय, कोणी आईबापांना डास चावू नयेत म्हणून स्वतःचं अंग डासांपुढे उघडं ठेवून बसलाय.

आणि एवढं सगळं असलेलं हे थडगं २००६ पर्यंत झाडीत गडप झालेलं होतं! रेमंड गोह आणि चार्ल्स गोह या दोन भावांनी ते शोधून काढलं. माझ्या डोक्यातून हे जातच नाहीये. मुलांनी बापासाठी चोवीस आज्ञाधारक पोरं दगडात कोरून घेतली आणि पुढे त्याच जागेचा रस्ताही कोणाला आठवू नये, हे होतं कसं? कोणी तिथे गेलंय का, या घराण्याबद्दल कोणाला काही माहिती आहे का? सविस्तर लिहा प्लीज.

भटक्या_राजगड

वाचतोय. फोटो असतील तर टाका की.

आदित्य_टँपिनिस

सोनटक्का, तुम्ही या घराण्याला ओळखता, फक्त तुम्हाला माहीत नाहीये 🙂 लाऊ पा सात या जुन्या खाऊबाजाराशेजारी संध्याकाळी रस्ता बंद करून सातेच्या (काडीला लावून भाजलेल्या मांसाच्या) गाड्या लागतात ना, तो बून टाट स्ट्रीट. बून टाट म्हणजे ओंग बून टाट, याच ओंग साम लिओंगचा मुलगा. पूर्वी त्या रस्त्याचं नाव जपान स्ट्रीट होतं, युद्धानंतर साहजिकच ते नाव कोणाला नको झालं.

आणि लिटल इंडियातल्या मुस्तफा या मोठ्या दुकानात खरेदी करून बाहेर पडलात की जवळच सिटी स्क्वेअर मॉल आहे, तिथे एक जुनं गेट उभं केलेलं आहे, 'न्यू वर्ल्ड' लिहिलेलं. बून टाट आणि त्याचा भाऊ ओंग पेंग हॉक यांनी १९२३ मध्ये न्यू वर्ल्ड नावाचा अम्युझमेंट पार्क काढला त्याचं ते गेट. नाटकं, चिनी ऑपेरा, बॉक्सिंग, कॅबरे, खाण्याचे स्टॉल, सगळं एका आवारात. पुढे सिनेमावाले शॉ ब्रदर्स भागीदार झाले. १९८७ ला पार्क बंद पडला. आपली मराठी मंडळी दिवाळीच्या खरेदीला त्या गेटखालून दरवर्षी जातात.

बापाने पैसा केला तो मजूर पुरवून. हिंदी महासागरातल्या ख्रिसमस आयलंड या बेटावर फॉस्फेटच्या खाणी होत्या, तिथे माणसं पुरवायचं कंत्राट ओंग साम लिओंगकडे होतं. शिवाय रबराचे मळे, विटांच्या भट्ट्या. स्वतः सिंगापूरच्याच मातीतला, बाबा म्हणतात तसा, म्हणजे चिनी असून घरात मलाय बोलणारा, मलाय पद्धतीचं जेवणारा समाज.

भटक्या_राजगड

आयला, त्या रस्त्यावर बसून मी किती साते चापलीय! पुढच्या खेपेला बून टाटशेठना नमस्कार करूनच पहिली काडी उचलणार.

कावेरी_म

मस्त धागा. मला एक विचारायचंय, त्या थडग्यांवर इतकं काय काय लिहिलेलं असतं, ते वाचायचं कसं? पिनांगला गेलो होतो तेव्हा नुसते फोटो काढून आले. आणि आंटींच्या घरच्या थडग्याबद्दल लिहिणार होतात ते विसरू नका.

सोनटक्का

कावेरी, विसरले नाही. मला चिनी वाचता येत नाही, आंटींनी बोट ठेवून ठेवून दाखवलं ते सांगते.

मागे मातीचा उंचवटा असतो, त्याला दोन्ही बाजूंनी कवेत घेतल्यासारखी घोड्याच्या नालेच्या आकाराची भिंत, पुढे मध्यभागी दगड, त्याच्यापुढे ओटा आणि छोटं अंगण. पाठीशी टेकडी आणि समोर उतार हवा, पाणी असेल तर उत्तम. बाजूला कोपऱ्यात एक छोटासा वेगळा दगड असतो तो भूमीच्या देवाचा, आधी त्याला उदबत्ती लावायची आणि मग आपल्या माणसाला. हे बघून मला आमच्या गावचा क्षेत्रपाल आठवला, त्याचा नारळ आधी, बाकीचे देव नंतर.

दगडावर सर्वात वर दोन अक्षरं असतात ती चीनमधल्या मूळ गावाची. आंटींच्या आजीच्या दगडावर तोंग-आन आहे, फुजियान प्रांतातलं. मधल्या उभ्या ओळीत मृताचं नाव, एका बाजूला तारीख. ती तारीख चिनी प्रजासत्ताकाच्या वर्षात, १९१२ हे पहिलं वर्ष धरून. त्याहून जुन्या दगडांवर चिंग बादशाहीची वर्षं असतात. आणि डावीकडे खाली बारीक अक्षरांत अख्खं घर! मुलगे, मुली, सुना, नातवंडं, पणतू असतील तर पणतू. चुलतभावंडांच्या नावात एक अक्षर सारखं असतं, पिढीचं अक्षर, त्यामुळे कोण कुठल्या पिढीतलं ते लगेच कळतं.

आंटींनी शेवटच्या ओळीतल्या एका नावावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, ही मी. आजी गेली तेव्हा त्या पाळण्यात होत्या, पण नाव कोरलं गेलं. त्यांच्या सख्ख्या आणि चुलत भावंडांची मिळून अकरा नावं होती, त्यातल्या दोघांना त्यांनी कधी पाहिलेलंच नाही, एकाला लहानपणीच दत्तक दिलं होतं आणि एक मुलगी युद्धाच्या काळात गेली. घरात कोणाकडेही कागद उरलेला नाही, ही दोन पोरं होती याचा पुरावा म्हणजे तेवढा दगड.

गोदातीर

हे वाचून काटा आला. आम्ही नाशिककर. त्र्यंबकेश्वरच्या आमच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीत आमच्या घराण्याच्या बऱ्याच पिढ्या आहेत, पणजोबांची सही आहे, पण मुलींची नावं शोधायला गेलं तर अवघड. बायका येतात त्या 'भार्या' म्हणून. कुलवृत्तांतातही तीच तऱ्हा, मुलगी दिली कुठे ते एका ओळीत असलं तर नशीब. त्यामानाने पाळण्यातल्या नातीचं नाव दगडात कोरणं ही मोठीच गोष्ट आहे.

वैद्यबुवा

धाग्यात थोडं मीठ टाकतो. ख्रिसमस आयलंडचं नाव आलं म्हणून लिहितो. तिथे १९०० च्या आसपास खाणी सुरू झाल्या आणि पहिल्या काही वर्षांतच बेरीबेरीने शेकडो चिनी मजूर मेले. कारण साधं होतं, जेवणात पॉलिश केलेला पांढरा तांदूळ आणि त्याच्या जोडीला फारसं काहीच नाही. तांदळाच्या कोंड्यात जे जीवनसत्त्व असतं ते गेलं की आधी पायातलं बळ जातं, मग सूज येते, मग हृदय बंद पडतं. गंमत म्हणजे, गंमत हा शब्दही वापरवत नाही, जवळच जावामध्ये आइकमन नावाच्या डच डॉक्टरने कोंबड्यांवर प्रयोग करून १८९० च्या दशकातच तांदळाचा आणि या आजाराचा संबंध दाखवून दिला होता. त्याला पुढे १९२९ चं नोबेल मिळालं. खाणीतल्या माणसापर्यंत ते ज्ञान वेळेत पोचलं नाही.

मजूर पुरवून पैसा झाला, त्या पैशातून ६०० चौरस मीटरचं थडगं झालं. ज्यांना पुरवलं त्यांच्या दगडावर कोणाची नावं आहेत?

रोखठोक_कोल्हापूर

वैद्यबुवांना +१. कंत्राटदाराचं थडगं हरवलं तर हरवलं, त्यात एवढं हळहळण्यासारखं काय आहे? आपल्याकडे ऊसतोडणीच्या मुकादमाने महाल बांधला तर आपण त्याला वारसा म्हणणार का?

उत्तरा_के

रोखठोक, मुकादमाचा महाल शंभर वर्षांनी बघायला मिळाला तर मी जाईन बघायला, कारण मजूर कुठून यायचे, उचल किती मिळायची, पैसा कोणाच्या खिशात जायचा हे समजून घ्यायला तोच एक धागा हाताशी असेल. मजुरांनी कागद ठेवलेले नसतात, मुकादमाच्याच वह्या असतात. ओंगचं थडगं सापडलं म्हणून तर आज वैद्यबुवा ख्रिसमस आयलंडबद्दल लिहितायत आणि आपण वाचतोय. दगड पुसून टाकला तर मजूरही पुसले जातात, फक्त शेठजी नाही.

रोखठोक_कोल्हापूर

पटतंय अर्धं. पण मग तिथे मजुरांबद्दलही पाटी लावायला पाहिजे.

उत्तरा_के

हो, यात दुमत नाही.

सह्यकडा

अवांतर आहे पण राहवत नाही. महाबळेश्वरला चायनामन धबधबा आहे, बहुतेकांनी बघितला असेल, नावामागचं कारण किती जणांना माहीत असतं कोण जाणे. इंग्रजांनी सिंगापूर, पिनांग, मलाक्का इकडचे चिनी आणि मलाय कैदी शिक्षा भोगायला मुंबई इलाख्यात पाठवले, त्यांचा तुरुंग महाबळेश्वरला होता. १८६४ मध्ये तो बंद झाला. रस्ते त्यांनी केले, बटाटे आणि भाज्यांचे मळे त्यांनी फुलवले, वेताच्या टोपल्या विणायची कला त्यांच्याकडून इथल्या लोकांनी उचलली. आणि उलट बाजूने आपल्याकडचे कैदी सिंगापूरला! १८२५ ते १८७३ या काळात हिंदुस्थानातले कैदी तिथे नेले जात होते, त्यात मुंबई इलाख्यातलेही होते. सेंट अँड्र्यूज कॅथेड्रल त्यांनीच बांधलं, गव्हर्नरचा बंगला, आजचं इस्ताना म्हणजे राष्ट्राध्यक्षांचं निवासस्थान, तोही त्यांच्याच हातचा.

महाबळेश्वरातल्या त्या चिनी माणसांची थडगी मात्र कोणी दाखवत नाही. स्ट्रॉबेरी क्रीम खाऊन लोक परत येतात.

कावेरी_म

सह्यकडा, हे कुठेच वाचलं नव्हतं! यावर स्वतंत्र धागा काढा ना.

माझगावचा_मन्या

अवांतरात अजून एक. मुंबईतसुद्धा चिनी दफनभूमी आहे, अँटॉप हिलला. आणि माझगावला डॉकयार्ड रोडजवळ एका साध्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर चिनी देऊळ आहे, सी यिप कून, १९१९ चं. लहानपणी चिनी नववर्षाला तिथे लाल कंदील लागायचे, आम्ही पोरं जिना चढून बघायला जायचो. बोटीवर काम करणारे, सुतार, दाताचे डॉक्टर, चपला बनवणारे अशी ही माणसं. १९६२ च्या युद्धानंतर चिनी वंशाच्या सुमारे ३,००० लोकांना देशभरातून, मुख्यतः आसाम-बंगालमधून, उचलून राजस्थानात देवळीच्या छावणीत ठेवलं, तिथे जन्मलेली मुलं होती त्यात. भीतीने मग बऱ्याच घरांनी देश सोडला, कॅनडा, हाँगकाँग. अशा घरांची थडगी इथेच राहिली आणि नातवंडं टोरंटोत.

तर सोनटक्काताई, तुमच्या प्रश्नाचं एक उत्तर हे पण आहे. थडगं हरवतं कारण ते झाडणारे हात दुसरीकडे जातात, कधी पोटापाण्यासाठी, कधी जिवाच्या भीतीने.

पंजाबी_ड्रेस_नाही_कोल्हापुरी_साज

हे सगळं ठीक, पण बुकित ब्राउनच्या नेटवरच्या फोटोत मला थडग्यांपुढे फेटा बांधलेले सरदारजी दिसले!! ते काय प्रकरण आहे?

आदित्य_टँपिनिस

हो हो, ते लिहायचं राहिलंच. बुकित ब्राउनमध्ये बऱ्याच श्रीमंत थडग्यांपुढे शीख पहारेकऱ्यांचे पुतळे आहेत. सर्वात प्रसिद्ध जोडी च्यू ग्योक लिओंग यांच्या थडग्यावरची, रंगवलेली, फेटा-दाढी-बंदूक सगळं साग्रसंगीत. सिंगापुरात शीख पोलीस १८८१ पासून आले, आणि बँका, गोदामं, श्रीमंत चिनी लोकांचे बंगले यांच्या दारावर शीख वॉचमन असणं ही पुढे पद्धतच झाली. त्यांना इथे 'जागा' म्हणायचे, मलायमध्ये राखणदार. जिवंतपणी दारात उभा होता तोच माणूस मेल्यावरही दारात हवा, विश्वासाचा.

भटक्या_राजगड

सोसायटीच्या मीटिंगमध्ये वॉचमनचा पगार वाढवायला विरोध करणाऱ्यांना हे दाखवायला पाहिजे. चिनी शेठजींनी तर परलोकातसुद्धा सोबत नेला.

आरसीसी_देशपांडे

मी इथे रस्त्यांच्या कामात आहे, त्यामुळे दुसरी बाजू मांडतो. २०११ मध्ये सरकारने बुकित ब्राउनमधून आठपदरी रस्ता जाहीर केला तेव्हा इथे बराच वाद झाला. पण बघा, मुंबईपेक्षा जरा मोठं बेट, त्यावर अख्खा देश, घरं, विमानतळ, लष्कर, धरणं सगळं त्यातच. लोर्नी रोडवर सकाळ-संध्याकाळ गाड्या तुंबायच्या त्या मी पाहिल्यात. सुमारे चार हजार थडगी हलवली, आधी नोटीस दिली, प्रत्येक थडग्याशी नंबराची खुंटी ठोकली, वारसांना पुढे यायला मुदत दिली. जी हलवायची होती त्यांची मानववंशशास्त्राच्या अभ्यासकांच्या टीमने कागदोपत्री नोंद केली, उकरतानाही ते हजर होते. रस्त्याचा बराच भाग पुलावरून नेला, खालून प्राण्यांना आणि पाण्याला वाट राहावी म्हणून. २०१८ च्या अखेरीस रस्ता सुरू झाला, तोच हा लोर्नी हायवे. जगात किती ठिकाणी एवढं करतात?

उत्तरा_के

देशपांडे, नोंद चांगली केली हे मान्य. पण ज्यांच्यासाठी कोणी आलं नाही त्यांचं दहन करून रक्षा समुद्रात सोडली जाते, आणि वारस न येण्याचं कारण बरेचदा 'वारस नाही' हे नसतं, 'वारसाला माहीतच नाही' हे असतं. रस्त्याच्या बातमीनंतरच कितीतरी घरांना कळलं की आपले पणजोबा तिथे आहेत. मुदत अजून थोडी असती तर अजून कळलं असतं. २०१४ च्या वर्ल्ड मॉन्युमेंट्स वॉचच्या यादीत, म्हणजे जगातल्या धोक्यात आलेल्या वारसास्थळांच्या यादीत, बुकित ब्राउनचं नाव आलं ते काही उगीच नाही.

आरसीसी_देशपांडे

थोडी अजून मुदत द्यायला हवी होती, मान्य. पण रस्ताच नको होता असं मी म्हणणार नाही. रस्त्याने जाणारी माणसं जिवंत आहेत.

अण्णा_मालवण

माझं वय ७४. कोकणातला आहे. रस्ता करताना आमच्या वाडीतली आमच्या मूळपुरुषाची घुमटी हलवली, तेव्हा आम्ही भाऊबंद मुंबई, पुणे, एक दुबई असे पांगलेलो. गुरवाने फोन करून विचारलं, काय करायचं? कोणालाच धड माहीत नव्हतं की ती नक्की कोणाची, खापरपणजोबांची की त्यांच्या भावाची. शेवटी थोरल्या चुलतभावाने सुट्टी काढली, देव हलवतात तशी रीतसर हलवली. सांगायचा मुद्दा काय, तर दगड होता म्हणून विचारावं लागलं. दगडच नसता तर फोनच आला नसता.

गोदातीर

अण्णा 🙏

मोडीवाचक

मूळ प्रश्नावर येतो, कारण यात मला माझ्या कामाचा भाग दिसतो. मी मोडी कागद वाचून देतो. आठवड्याला एक तरी फोन येतो, आजोबांच्या पेटीत कागद सापडलेत, काय लिहिलंय कळत नाही. तीन पिढ्यांमागे ज्या घरात रोजचा जमाखर्च मोडीत लिहिला जायचा त्या घरात आज एक अक्षर वाचता येणारा माणूस नसतो. घर तेच, आडनाव तेच, घराण्याचा अभिमान भरपूर, पण कागद मुका.

आता बाबा चिनी घरांचं बघा. बोलणं मलाय, पुढच्या पिढ्यांची शाळा इंग्रजी, आणि थडग्यावर सगळं चिनी लिपीत. म्हणजे मुलांनी बापासाठी दगडावर जे कोरून घेतलं ते त्यांच्या नातवंडांना वाचताच येत नसणार. बरीचशी घरं ख्रिश्चन झाली, उदबत्ती लावणं बंद. मग चिंगमिंगला टेकडी चढायची कशासाठी? एकदा वाचता येईनासं झालं की थडगं म्हणजे नुसता दगड, आणि दगडासाठी कोण रजा काढतं?

सोनटक्का

मोडीवाचक, तुमचा प्रतिसाद मी आंटींना इंग्रजीत समजावून सांगितला. त्या बराच वेळ मान हलवत होत्या, मग त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली जी माझ्या लक्षातच आली नव्हती.

थडगी स्वतःहून स्वच्छ राहत नाहीत. तिथे राखणदार असतात, पिढीजात, बापानंतर मुलगा. घरवाले वर्षाचे पैसे देतात, राखणदार चिंगमिंगच्या आधी कोयता घेऊन गवत आणि वेली तोडतो, अक्षरांना रंग भरतो, वाट मोकळी करतो. आंटींचे राखणदार साधारण सत्तरीचे असतील, त्यांनी आम्हाला बघताच नुसतं आडनाव विचारलं आणि पुढे चालायला लागले, नकाशा नाही, नंबर नाही, कुठल्या टेकडीवर कोण आहे हे सगळं त्यांच्या डोक्यात. त्यांना मी विचारलं (आंटींनी दुभाषाचं काम केलं), एखाद्या घराने पैसे देणं बंद केलं तर? ते म्हणाले, पहिल्या वर्षी मी तरीही साफ करतो, दुसऱ्या वर्षी वाट बघतो, मग सोडून देतो. आणि इथला पाऊस बघता दोन-तीन वर्षांत नेचे आणि वेली चढतात, दहा वर्षांत झाडं मूळ धरतात. १९७३ मध्ये दफनभूमी बंद झाली, नवीन माणूस पुरायला कोणी येईना, म्हणजे जाण्यायेण्याचं निमित्तही गेलं. आणि ओंग यांचं थडगं तर वरच्या अंगाला, तिथवर सहज चालत कोण जाणार.

उत्तरा_के

हे उत्तर मला सर्वात जास्त पटलं. आपण घराणं, धर्म, लिपी असं मोठं मोठं शोधत बसलो आणि खरी गोष्ट वर्षाच्या राखणीच्या पैशांपाशी येऊन थांबली. मोडीवाचक म्हणतात ते कारण आहेच, पण ते काम करतं ते असं, की नातू एक वर्ष पैसे पाठवत नाही.

वैद्यबुवा

आणि ज्या मजुराचं घरच नाही, त्याच्यासाठी पहिल्या वर्षीही कोण देणार? बुकित ब्राउनमध्ये गरिबांसाठीचे भाग आहेत ना?

आदित्य_टँपिनिस

आहेत. थोडी पार्श्वभूमी देतो. ती जमीन आधी जॉर्ज हेन्री ब्राउन नावाच्या इंग्रज व्यापाऱ्याची, १८७० च्या दशकात ओंग आडनावाच्या होक्किएन (फुजियानकडची बोली बोलणाऱ्या) लोकांनी आपल्या भाऊबंदांसाठी घेतली. तेव्हाची पद्धतच तशी, प्रत्येक आडनावाची, प्रत्येक भाषेच्या लोकांची वेगळी दफनभूमी. ज्याला घराणं नाही, ज्याची संस्था नाही त्याने जायचं कुठे हा प्रश्न होताच. म्युनिसिपालिटीने १९१९ मध्ये जागा ताब्यात घेतली आणि १ जानेवारी १९२२ पासून सगळ्या चिनी लोकांसाठी खुली केली, पैसेवाल्यांचे मोठे प्लॉट, साधे प्लॉट आणि निर्धनांसाठीची जागा. सिंगापूरचे पहिले पंतप्रधान ली क्वान यू यांचे आजोबा ली हून लिओंगसुद्धा इथेच आहेत.

म्युनिसिपालिटीची असल्यामुळे एक फायदा झाला, दफनाची रजिस्टरं ठेवली गेली. १९२२ पासूनची ती रजिस्टरं नॅशनल अर्काइव्ह्जच्या साइटवर स्कॅन करून ठेवलेली आहेत, कोणीही बघू शकतं. नाव, वय, तारीख, प्लॉट नंबर, हाताने लिहिलेलं. वैद्यबुवा, ज्याला दगड मिळाला नाही त्यालाही तिथे एक ओळ मिळालेली आहे. ख्रिसमस आयलंडवर मेलेल्यांची नाही, पण सिंगापुरात मेलेल्या हमालांची, रिक्षा ओढणाऱ्यांची.

वैद्यबुवा

ही फारच मोलाची माहिती दिलीत. आज रात्री बघायला बसतो.

कावेरी_म

नावं इंग्रजी स्पेलिंगमध्ये आहेत का? एकाच आडनावाची चार स्पेलिंग असतात तिकडे.

आदित्य_टँपिनिस

हो, कारकुनाने ऐकलं तसं लिहिलंय. त्यामुळे आडनावावर शोधू नका. मृत्यूची तारीख माहीत असेल तर त्या महिन्याची पानं उलटा, ते सोपं पडतं. दगडावरची तारीख चिनी पंचांगातली असेल तर आधी तिचं रूपांतर करून घ्या. आणि १९४२ ते ४५ मधलं दफन असेल तर जपानी वर्ष लिहिलेलं असू शकतं, सिंगापूर तेव्हा जपान्यांच्या ताब्यात होतं.

सोनटक्का

आंटींच्या त्या युद्धात गेलेल्या चुलत बहिणीची तारीख कोणालाच माहीत नाही, फक्त जपानी असताना गेली एवढंच. म्हणजे साडेतीन वर्षांची पानं. मी आणि आंटींची पुतणी मिळून सुरू केलंय, १९४२ च्या फेब्रुवारीपासून. आडनावाची तीन स्पेलिंग कागदावर लिहून समोर ठेवलीत. कोणाला शनिवारी दुपारी वेळ असेल आणि हस्ताक्षर वाचायचा कंटाळा नसेल तर व्यनि करा, महिने वाटून घेऊ.

मोडीवाचक

वाईट हस्ताक्षर हा माझा धंदाच आहे. १९४३ चे पहिले सहा महिने माझ्याकडे द्या.

भटक्या_राजगड

पुढचे सहा मला.